तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी माझा ओव्हन बंद का असतो

मी घरून केक करून विकते, आणि "रविवारी ऑर्डर का घेत नाही?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. ग्राहक विचारतात, कारण वाढदिवस रविवारीच उरकले जातात. जाऊबाई विचारतात, कारण आमच्या घराचा हप्ता त्यांना माहीत आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका तोच प्रश्न उलटा करून विचारतात: रविवार पाळतेस ते चांगलंच, पण बाकीचे सहा दिवस रात्री बारापर्यंत ओव्हनपुढे असतेस, मग लेकीकडे कधी बघतेस? आजवर मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. ग्राहकांना "सुट्टी असते हो", जाऊबाईंना "प्रभू पुरवतो", आणि मंडळीत नुसती मान हलवली. तिन्ही उत्तरं अर्धी होती. म्हणून आता एकदाच सगळं लिहिते.

पहिल्यांदा बायबलातल्या नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय, कारण कोणीही घरून धंदा करणाऱ्या ख्रिस्ती बाईशी बोलायला लागलं की तो निघतोच. मातृदिनाला निघतो, महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला निघतो. त्यातली सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते, घरच्यांना जेवायला घालते, शेत बघून विकत घेते, तागाची वस्त्रं करून विकते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. मूळ हिब्रूत तिच्यावरची बावीस वचनं वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमानं सुरू होतात. आमच्या पाळकसाहेबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं होतं. म्हणजे हे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत रचलेलं गाणं आहे, एका बाईचा एका दिवसाचा हिशेब नाही. पण ज्या बायका मला हा अध्याय ऐकवतात त्यांना त्यातला फक्त दिवा आठवतो. पंधराव्या वचनात ती आपल्या दासींनाही वाटा देते, हे कोणी वाचत नाही. मीही कित्येक वर्षं वाचलं नव्हतं. त्याच्याकडे पुढे येते.

दुसरं, बाईनं कमावणं आमच्याकडे नवीन नाही. माझी पणजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या आश्रमात वाढली. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि पणजी तिथे छपाईचे खिळे जुळवायची असं घरात सांगतात. रमाबाई १९२२ साली गेल्या, बायबल १९२४ साली पूर्ण निघालं. आजी शाळामास्तरीण होती. आई नगरकडे मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आईच्या ड्युटीला रविवार नव्हता. "रोगी वार बघून आजारी पडत नाही," असं ती म्हणायची आणि पांढरी साडी नेसून निघून जायची. मी आणि माझा भाऊ मावशीबरोबर उपासनेला जायचो. येशूनं शब्बाथाच्या, म्हणजे देवानं नेमलेल्या विसाव्याच्या, दिवशीच वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला, तेव्हा आईचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. पण बाकावर माझ्या शेजारी जी जागा रिकामी असायची ती मला आजही दिसते. लोक समजतात की माझा रविवार बायबलातल्या विसाव्याच्या आज्ञेतून आला. खरं सांगायचं तर तो आधी त्या बाकावरून आला.

आणि हेही लिहितेच. माझे मिस्टर चाकणच्या एका कारखान्यात आहेत, शिफ्ट फिरती, महिन्यातले दोन रविवार तरी जातात. त्यांना आजवर मंडळीत एकानंही विचारलेलं नाही की मुलीकडे कधी बघता.

धंद्याच्या बाकीच्या गोष्टींत मला शास्त्रानं कधी गोंधळात टाकलं नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे स्पष्ट आहे. केक भाजताना त्यातलं पाणी उडतं, म्हणून किलोच्या टिनात मी अकराशे ग्रॅमच्या वर मिश्रण घालते आणि थंड झाल्यावर पुन्हा काट्यावर ठेवते. २०१४ मध्ये सुरुवात केली तेव्हाच अन्नसुरक्षेची नोंदणी काढली. बारा लाखांच्या आतल्या धंद्याला तेव्हा वर्षाला १०० रुपये पडायचे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नकोस असं लेवीयमध्ये आहे, म्हणून मदतीला येणाऱ्या मावशींचे पैसे रोजच्या रोज हातात. मावशी वयानं माझ्याहून लहान, पण लेक तिला मावशी म्हणते म्हणून मीही मावशीच म्हणते. एवढं सगळं नीट पाळत होते, त्यामुळे मी चांगली आहे अशी माझी पक्की समजूत होती.

आता २०१७ सालचा नाताळ. त्या वर्षी २४ डिसेंबर रविवारी आला. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी शुक्रवारपर्यंत दिल्या होत्या, पण सुक्या मेव्याच्या केकच्या चौदा ऑर्डरी राहिल्या होत्या, सगळ्या रविवारी संध्याकाळी न्यायला येणार. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी किलोचे दोनच टिन मावतात आणि एका घाण्याला सव्वा तास लागतो. सात घाणे, म्हणजे जवळजवळ नऊ तास. मी तर रविवारी काम करत नाही. तेव्हाही करत नव्हते आणि अभिमानानं सांगतही होते. मग मी काय केलं, तर शनिवारी रात्री साखर जाळून ठेवली, संत्र्याच्या रसात भिजलेल्या मेव्याच्या बरण्या ओट्यावर मांडल्या, मोजमापं कागदावर लिहिली आणि मावशींना पहाटे पाचला बोलावलं. रोजचे ३०० द्यायचे, रविवारी बोलावलं की ५००, आणि हे तेव्हा जवळजवळ दर रविवारी चालायचं. या युक्तीचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं होतं. मिस्टरांना म्हणालेसुद्धा, उपासनाही होईल आणि ऑर्डरीही जातील.

साडेआठला आम्ही चर्चमध्ये होतो. उपासनेनंतर संडे स्कूलचा बक्षीस समारंभ होता. माझी लेक नऊ वर्षांची, पाठांतरात पहिली आली होती आणि बक्षिसाआधी तिला सगळ्यांपुढे म्हणून दाखवायचं होतं. निर्गमचा विसावा अध्याय, दहा आज्ञा. पांढरा फ्रॉक, केसांना चंदेरी रिबीन, हात मागे बांधलेले. महिनाभर मी केकचं पीठ चाळताना ती ओट्यापाशी उभी राहून माझ्यापुढे तेच म्हणत होती. मी "हं, पुढे" म्हणत होते आणि माझं लक्ष चाळणीत होतं. त्या दिवशी माझ्या हातात चाळणी नव्हती. चौथी आज्ञा आली. सातवा दिवस परमेश्वराचा, त्या दिवशी कोणतंही काम करू नकोस, तू, तुझा मुलगा, तुझी कन्या, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरा. तिनं एकेक शब्द वेगळा काढून म्हटला, कारण या यादीत ती नेहमी अडखळायची आणि मीच तिला सावकाश म्हणायला शिकवलं होतं.

तुझी दासी. मी घड्याळ बघितलं, पावणेअकरा. तिसरा घाणा निघून चौथा आत गेला असेल, एवढंच मनात आलं. हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि त्याचीच मला भीती वाटली. लेक बक्षीस घेऊन माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या वाजवल्या.

घरी आले तेव्हा मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. चौथा घाणा निघाला होता. केक पोटात शिजला का बघायला मी विणायची सुई वापरते, ती त्यांच्या हातात तशीच होती. डोळे लाल. मला वाटलं ओव्हनची झळ. मग कळलं की त्यांच्या धाकट्याला शनिवारपासून ताप होता. घरी दहा वर्षांच्या मोठीला त्याच्यापाशी बसवून त्या आल्या होत्या. "सांगायचं नाही का मावशी?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या ऑर्डरी अडल्या असत्या. आणि पाचशे होते."

मी त्यांना लगेच रिक्षानं घरी पाठवलं, पैसे दिले, औषधाला वर दिले. इथपर्यंत मी ही गोष्ट महिला मंडळात साक्ष म्हणून सांगितलेली आहे. पुढचं सांगितलेलं नाही. पुढचं असं की उरलेले तीन घाणे मी स्वतः केले. रविवारी, एप्रन बांधून. माणसं संध्याकाळी दारात येणार होती, मेव्याचे पैसे अडकले होते, जानेवारीत शाळेची फी होती. लेक फ्रॉक न बदलता सोफ्यावर बसून राहिली, बक्षिसाचं पुस्तक मांडीवर, आणि तशीच झोपली. मी तिला उठवलं नाही, कारण ती उठली असती तर मला थांबावं लागलं असतं. शेवटचा केक बटर पेपरमध्ये गुंडाळून दिला तेव्हा सात वाजले होते. त्या रात्री मी प्रार्थना केली नाही. करता आली नाही.

त्या नाताळानंतर रविवारी ओव्हन पूर्ण बंद झाला, माझ्यासाठी आणि मावशींसाठी. हे आहे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं, पण जानेवारी संपताना मावशींनी विचारलं, "ताई, रविवारचं काम का काढलंत? माझं काही चुकलं का?" मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचा रविवार तुमचा. माझा तर गुरुवार असतो. माझे महिन्याचे दोन हजार गेले." मला काही बोलता आलं नाही. माझ्या विवेकाची किंमत मी त्यांच्या पगारातून कापली होती. सहा दिवसांत सात दिवसांचे पैसे द्यायचे, हे एवढं सोपं उत्तर होतं, पण ते द्यायला मला पुढचं दीड वर्ष लागलं. दर वाढवावे लागले, काही ग्राहक गेले. आता देते. तरी ते दीड वर्ष गेलं ते गेलंच.

शब्बाथ मुळात शनिवारी, असं सांगणारे ख्रिस्ती ग्राहक मला औंधकडे आहेत, आणि त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे हे मी जाणते. प्रेषित पौल तर कलस्सैकरांना पत्रात लिहितो की शब्बाथाच्या बाबतीत कोणी तुमचा न्याय करू नये. म्हणजे मी रविवारी केक केले म्हणून नरकात जाणार नाही, आणि केले नाहीत म्हणून स्वर्गातही जाणार नाही. ही वचनं मी स्वतःलाच ऐकवते, विशेषतः हप्त्याच्या आठवड्यात. मग २०१७ च्या आधीची मी समोर येते आणि म्हणते, बघ, एवढीच तर सूट मी घेत होते.

मंडळीतल्या बायकांनाही थोडं देणं लागते. सहा दिवस बारापर्यंत जागतेस, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्या शलमोन राजाचं नाव नीतिसूत्रांवर आहे त्याचंच नाव १२७ व्या स्तोत्राच्या माथ्यावर आहे, आणि तिथे पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत बसणं, कष्टाची भाकर खाणं व्यर्थ म्हटलंय. पुढच्याच वचनात मुलं ही परमेश्वरानं दिलेलं धन आहेत असं येतं. एकीकडे न मालवणारा दिवा, दुसरीकडे हे. आमच्याकडे प्रवचनात हे दोन्ही उतारे एकाच रविवारी मी कधी ऐकले नाहीत. मला दोन्ही एकाच आठवड्यात जगावे लागतात. रविवार बंद ठेवून मी त्या स्तोत्राला उत्तर दिलं असं मी फार दिवस समजत होते. सोमवार ते शनिवारचा दिवा तसाच राहिला आहे.

मला स्वतःला सद्गुणी स्त्रीपेक्षा बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवा जवळची वाटते. नवरा गेलेला, सावकार दोन्ही मुलांना दास म्हणून न्यायला आलेला. अलीशा संदेष्टा विचारतो, घरात काय आहे? तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. तो सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, मुलांना घेऊन आत जा, दार लावून घे आणि ओत. मुलं भांडी देतायत, आई ओततेय, दार बंद. घरातून चालणारा, मुलं हाताशी असलेला असा धंदा मी बायबलात दुसरीकडे वाचला नाही. यावर प्रवचनं पुष्कळ होतात, पण ती सगळी तेल वाढण्यावर असतात. मी अडकते ती पुढच्या ओळीवर. ती मुलाला म्हणते, आणखी भांडं दे. तो म्हणतो, आता भांडं नाही. आणि तेल थांबतं. मग अलीशा सांगतो, तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. आणखी भांडी आण, असं तो म्हणत नाही. तिला पुरेसं किती ते कोणीतरी सांगितलं. मला माझं मीच ठरवायचं असतं, आणि मला ते येत नाही.

लेक आता सतरा वर्षांची आहे. पीठ माझ्यापेक्षा नीट चाळते, केकवर आयसिंगनं गुलाब काढते. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आई, रविवारच्या ऑर्डरी मी घेऊ? दुपारनंतर, चर्चहून आल्यावर. कॉलेजची फी माझी मी भरेन. मावशीला बोलवायचं नाही, मी एकटी करेन." त्या आज्ञेत 'तुझी कन्या' हा शब्द 'दासी'च्या आधी येतो, हे मला लगेच आठवलं. तिलाही आठवत असणार, पाठ तिनंच केलं होतं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे काय ते तरी सांग."

मेवा चिरून बरणीत भरलाय, रोज रात्री हलवते. तिला अजून सांगितलेलं नाही.