सरबताच्या टेबलावरचा माणूस

रविवार, रात्री

एप्रिल-मेचं रक्तदान शिबिर सोलापुरात साडेसातला उघडावं आणि अकराला गुंडाळावं. त्यानंतर येणारा ऊन डोक्यावर घेऊन येतो, बहुतेक नुसत्या चहावर. मग चक्कर ठरलेली. पण आज डोक्यात आहे ते कार्यकर्त्यांचं. पहिल्या शिबिराला पुष्कळ येतात, तिसऱ्याला कोण उरतं?

स्वयंसेवेमागची सहा कारणं क्लॅरी, स्नायडर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली मांडली: मूल्यं, शिकणं, ओळखीपाळखी, करिअर, मनाचा ताण हलका होणं, स्वतःबद्दल बरं वाटणं. बरोबरच आहे. पोरं सर्टिफिकेटसाठी आली तरी येऊ द्यावीत. फक्त कागद हातात पडला की ते कारण संपतं, तोवर दुसरं लागलेलं हवं.

माणसं कामानं कमी गळतात, रिकामं बसून जास्त. सहा जणांच्या कामाला बारा बोलावले की सहा भिंतीला टेकून मोबाईल बघतात. ते पुन्हा फोन उचलत नाहीत.

सरबताचं टेबल घ्या. "बिस्किटं वाट" एवढंच सांगितलेला पोरगा तासाभरात कंटाळतो. त्यालाच सांगा: साडेतीनशे मिली रक्त दिलेल्या माणसाला पंधरा मिनिटं उठू द्यायचं नाही. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, जांभया सुरू झाल्या की लगेच आडवं करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. आता तो बिस्किटांकडे नाही, चेहऱ्यांकडे बघतो. काम तेच, पण आता ते त्याचं झालं.

पिशव्यांचं पुढं काय झालं हे मात्र कुणी कळवत नाही. रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणजे आठवड्याच्या आत रक्तपेढीला विचारून किती गेल्या ते ग्रुपवर टाकता येतं. दोन ओळी पुरतात. सत्काराची शाल नको, तिनं भाषणंच लांबतात.

जानेवारीत इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. ते पेलणाऱ्यांना आग्रह करावा लागत नाही. बाराबंदी, म्हणजे तो पांढरा पारंपरिक अंगरखा, घातली की आपली जागा कुठली, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. आपल्याकडं जागाच ठरलेली नसते.

पुढच्या वेळी: सातच जण. सरबताला दोघं, साडेनऊला बदली. पुरुष दात्यांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी फोन करायची वही एकाच्याच हातात.