दगडावरची शेवटची ओळ

अठरा वर्षं मी इतिहास शिकवते. दुसरं महायुद्ध दरवर्षी येतं आणि फळ्यावर सनावळी होऊन बसतं. म्हणून गेल्या नोव्हेंबरात नववीच्या बेचाळीस मुलांना घेऊन खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले. माझी निम्मी मुलं त्या बाजूनं रोज ये-जा करतात, पण आत कुणीच गेलेलं नव्हतं.

तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या सैनिकांना इथं एकत्र आणलं, कारण मूळ जागी त्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात इकडे मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावंही स्मारकावर कोरलेली आहेत.

फुलं न्यायची नाहीत, असं मी ठरवलं होतं. फुलं ठेवली की मुलांना काम संपल्यासारखं वाटतं. त्याऐवजी दोघादोघांना एकेक कबर दिली. समोर उभं राहायचं, नाव, हुद्दा, वय वहीत उतरवायचं आणि मग नाव मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीला चुळबुळ झाली. पण वयं लिहायला लागल्यावर आवाज आपोआप खाली आले. एकोणीस. बावीस. वीस. एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, माझा दादा एकवीसचा आहे."

मग प्रश्न सुरू झाले. हा अधिकारी, तो साधा शिपाई, तरी दगड सारखाच कसा? मी सांगितलं, या कबरींची व्यवस्था पाहणारा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, मेलेल्यांत भेद करायचा नाही, हे त्याचं तत्त्व. मात्र पहिल्या महायुद्धात मेलेल्या आफ्रिकी आणि हिंदी सैनिकांच्या बाबतीत ते अनेक ठिकाणी पाळलं गेलं नाही आणि २०२१ मध्ये आयोगानं त्याबद्दल माफी मागितली, हेही सांगितलं. असं अर्धवट सांगून मुलांना घरी पाठवणं मला पटत नाही.

"मग आपली माणसं कुठं आहेत?" हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. मी यशवंत घाडगेंचं नाव घेतलं. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे, मराठा पलटणीतले नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. इटलीतच दुसरीकडे, सांग्रो नदीजवळ, पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांचं दहन झालं, म्हणून कबरी नाहीत. तिकडचं कुणी त्यांची नावं मोठ्यानं वाचत असेल का, असं एका मुलीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

एवढ्या वेळात एक वयस्क माळीकाका हिरवळीच्या कडा कापता कापता थांबून ऐकत होते. मुलं निघायच्या बेतात असताना ते त्याच मुलीजवळ आले. "पोरी, तुला इंग्रजी वाचता येतं ना? ह्याच्या तळाला काय लिहिलंय, सांगशील?"

दगडावर वर पलटणीचं चिन्ह असतं. मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. आणि अगदी खाली, गवताला टेकल्यासारखी, घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. साठ-सहासष्ट अक्षरांत बसेल एवढीच. सगळ्या दगडांवर ती नसते.

मुलगी गुडघ्यावर बसली. आधी इंग्रजीत वाचलं, मग थांबून थांबून मराठीत सांगितलं, "आमचा एकुलता एक मुलगा. नीट झोप. आई आणि बाबा."

काका काही बोलले नाहीत. गळ्यातला पंचा काढून त्यांनी ती ओळ पुसली, खरं तर ती स्वच्छच होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, इतकी वर्षं हात फिरवतोय ह्याच्यावरून. मला वाटायचं, सरकारी पत्ता असेल."

गेटाबाहेर बसवाला हॉर्न देत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. काका पुढच्या ओळीतल्या दगडाशी जाऊन उभे होते.

"आणि ह्याच्या?"

तोवर चार-पाच मुलं दप्तरं हिरवळीवर टाकून त्यांच्या मागं गेली होती.