तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायचं का?

प्रश्न ठरलेला असतो. दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक घेतलीय, लाखाच्या वर चाललीय, गिअरबॉक्सचं ऑइल बदलू का? आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य: "बदललं की गिअरबॉक्स जातो म्हणतात." उत्तर खिशात घालून आलेल्या माणसाला काय सांगायचं? तरी एकदा सगळं लिहून टाकतो.

बदला. पण निघालेलं ऑइल नीट बघितल्याशिवाय नवं ओतू नका.

ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स जात नाही. गाडी चढाला स्लिप मारू लागते, आरपीएम चढतो आणि वेग जागेवरच राहतो, तेव्हा कुठे मालकाला ऑइल आठवतं. तोवर आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर गेलेलं असतं. नव्या ऑइलने ते परत येत नाही, गाडी बसते आणि खापर ऑइलवर फुटतं. मात्र त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर वर्षानुवर्षांचा गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून जुन्या गाडीला फ्लश नको. साधं बोल्ट काढून ऑइल खाली सोडा आणि नवं भरा.

२००९ ते १३ मधली पाच गिअरची ऑटोमॅटिक होंडा सिटी उदाहरणाला घ्या. गाडी सपाटीला उचला, चारही स्टँड लावा. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. ऑइल कोमट असू द्या. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टला, चौकोनी खाच असते, ३/८ इंची रॅचेट तिच्यात थेट बसतो. १७ मिमीचा षटकोनी बोल्ट इंजिन ऑइलचा. इथेच घोटाळे होतात. अडीच लिटरच्या आसपास ऑइल पडेल. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या वाटांत राहतं, एकूण साधारण सहा लिटर धरा. निघालं तेवढंच मोजून डिपस्टिकच्या (लेव्हल बघायच्या पट्टीच्या) भोकातून डीडब्ल्यू-१, म्हणजे होंडाचं लाल ऑटोमॅटिक ऑइल, भरा, ॲल्युमिनियमचा वॉशर नवा टाका, बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळा. थोडी चालवून सगळे गिअर पडू द्या आणि पुन्हा सोडा. तीनदा केलंत की ८० टक्क्यांच्या आसपास नवं झालं. लेव्हल बघताना रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन तापवा, बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक काढा. टोयोटाच्या डिपस्टिकवाल्या गाड्यांत हेच इंजिन चालू ठेवून बघतात. एकीची रीत दुसरीला लावली की लेव्हल चुकलीच.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करडी, मऊ पेस्ट असेल तर काळजी नको. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर आतले भाग तुटताहेत, ऑइलचे पैसे वाचवा.

आता सांगलीतली एक गाडी. स्वस्तात मिळालेली, कागद स्वच्छ. थंड असताना ठीक. तापली की डी टाकल्यावर क्षणभर काहीच नाही आणि मग झटका. बोल्ट काढला तर ऑइल गुलाबी, दुधाळ, घट्ट. म्हणजे आत पाणी. ते दोन वाटांनी येतं. एक, रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर फुटला तर. मग कूलंटवरही तेलाचा तवंग दिसतो. इथे कूलंट काचेसारखा हिरवा होता. दुसरी वाट गिअरबॉक्सच्या ब्रीदरची, म्हणजे हवा जायच्या भोकाची, गाडी पाण्यात उभी राहिली तर. मॅट उचलली. सीटच्या रेलच्या बोल्टांभोवती सुकलेला बारीक गाळ, सीटबेल्ट पूर्ण ओढला तर आतल्या टोकाला मातीची रेघ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी ज्यांनी घरात बघितलंय, त्यांना तो गाळ ओळखायला सांगावं लागत नाही.

मालक म्हणाले, "ऑइल बदलून बघू." तीनदा सोडलं-भरलं, तिसऱ्या खेपेला लाल निघालं. झटका गेला, ते खूश. पुढे खंबाटकी चढताना तिसरा गिअर गेला. बॉक्स खोलला तर अस्तराचा कागद पत्र्यावरून सुटून आला होता. हा कागद गोंदाने चिकटवलेला असतो, पाणी तो गोंदच सोडवतं. एकदा सुटू लागल्यावर ऑइल कितीही ताजं असो.

मग ते ऑइल फुकट गेलं का? मालक आजही हो म्हणतात. माझं म्हणणं, चालत्या गाडीचा बॉक्स खोलायला त्या दिवशी ते तयार झाले नसते. यावर आमचं जुळत नाही.

पूर्वी मी म्हणायचो, गाडीचा मागचा इतिहास माहीत नसेल तर हातच लावू नका. आता म्हणतो, माहीत नाही म्हणूनच एकदा सोडून बघा. पण स्लिप मारणाऱ्या गाडीला काय सांगावं, यावर माझं मन अजून दोन्हीकडे जातं.

आणि कृपा करून आधी तुमची ऑटोमॅटिक कोणती ते बघा. सेलेरियोसारखी एजीएस (मारुतीची, क्लच-गिअर आपोआप हलवणारी) असेल तर तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, त्याला साधं गिअर ऑइल लागतं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. सीव्हीटीत, म्हणजे गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, वरचं लाल ऑइल ओतलंत तर पट्टा आणि पुल्यांची वाट लागेल. गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेलं ऑइलचं नाव, निघालेल्याचा रंग आणि चुंबकाचा फोटो, एवढं पाठवून मग विचारा.