आप्पा आणि रील

रविवार, रात्री

रील म्हटलं की सगळे पोरांच्या नावाने खडे फोडतात. शाळेच्या पालकसभेतही तोच विषय असतो. पण माहेरी आल्यापासून मी जे बघतेय ते आप्पांचं आहे, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. कुठल्या टप्प्याला किती भाडं, सगळं तोंडपाठ. घरी असले की पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय आंघोळीला उठायचे नाहीत. आज मी पेपरची रद्दी चाळली. प्रत्येक कोड्यात वरच्या दोन ओळी भरलेल्या, खाली कोरं. विचारलं तर म्हणाले, "डोळे दुखतात गं." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लख्ख दिसतं. दुखणं डोळ्यांचं नाही.

जेवताना फोन तांब्याला टेकवून उभा. आईने दोनदा विचारलं, "आमटी वाढू का?" मग तिने न विचारताच वाढली. फोनवर शर्यतीचे बैल पळाले, मग गुडघेदुखीवर मेथ्या, मग कुणी चिखलात घसरून पडलं, मग एका कीर्तनाचा तुकडा. दृष्टांत सुरू होतो न होतो तोच अंगठ्याने तो वर सरकवला. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला शेवटपर्यंत मांडी न मोडता बसणारा हा माणूस. मला तिथेच भरून आलं.

यात आप्पांचा कमकुवतपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. कितीही खाली गेलं तरी पान संपतच नाही, ही सोय अझा रास्किन नावाच्या डिझायनरने 2006 मध्ये काढली. पुढे त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पुढचा व्हिडिओ झकास निघेल की टुकार, हे आधी कळत नाही, म्हणून तर हात थांबत नाही. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारतच राहतं, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी प्रयोगांत दाखवलं होतं. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे हजर झाले. आप्पा त्याच वर्षी निवृत्त झाले. दिवसभर शेकडो माणसांशी बोलणारा माणूस लॉकडाऊनमध्ये घरी बसला, आणि हातात फोन आला.

ग्लोरिया मार्क या संशोधक लोक स्क्रीनवर एका गोष्टीकडे किती वेळ टिकून बघतात हे मोजत आल्या आहेत. 2004 मध्ये ते सरासरी अडीच मिनिटं होतं, अलीकडे 47 सेकंद. कोड्यातला अडलेला शब्द आठवायला याहून जास्त वेळ लागतो.

आमच्याच सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुख्य हेतू मुलांचा अभ्यास. मला त्यातलं आवडतं ते हे, की अख्खं गाव एकदम फोन ठेवतं. आप्पांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग मोठी माणसं त्या दीड तासात करतात काय?"

त्या प्रश्नावरून मन हलत नाहीये. दादाचा आणि माझा फोन म्हणजे "जेवलात का, गोळी घेतली का," की संपलं. त्यांनी बोलायचं कुणाशी आणि कशावर?

म्हणून जेवणानंतर मुद्दाम आषाढीच्या जादा गाड्यांचा विषय काढला. आधी नजर सारखी फोनकडे जात होती. मग पंढरपूरच्या गर्दीत बुक्का लावलेल्या एका आजीने तिकिटाच्या पैशांसाठी सोडलेली कनवटीची गाठ आठवली, आणि फोन कॉटवर उपडा पडला. पुढे चंद्रभागेला पाणी चढलं तेव्हा गाडी कुठून वळवली, ड्रायव्हर कोण होता, सगळं नावानिशी सांगितलं. आईसुद्धा भांडी तशीच टाकून येऊन बसली.

सकाळी दादाला फोन करायचाय. फोनमध्ये वेळेची मर्यादा लावता येते, पण ती आप्पांना विचारून, त्यांच्यादेखत. आणि बुधवारी त्याने, रविवारी मी, निवांत फोन करायचा. गोळ्यांचं आईला विचारायचं, आप्पांना गाड्यांचं.