बारा अक्षरं, एक मुख्य जोर

अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलं सांभाळणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मी उच्चार शिकवते. रात्रपाळीच असते. एकदा टीम लीडरने एका कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आमचा मुलगा विमा कंपनीतल्या बाईंना तपासणीचं नाव सांगत होता: इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनोस्कोपी. म्हणजे घशातून दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात बघणं. बाईंचं आपलं एकच, "स्पेल इट, प्लीज." शेवटी त्या तपासणीचा ४३२३५ हा बिलाचा कोड दिला तेव्हा गाडी पुढे सरकली.

पोरगा बार्शीचा, हुशार. पार हिरमुसला होता. "मॅडम, एक अक्षर खाल्लं नाही मी!"

तेच तर झालं होतं. बाराही अक्षरं त्याने सारख्याच वजनाने, ठणठणीत म्हटली होती. मराठीत ते खपून जातं. इंग्रजीत काही अक्षरं निम्मी खावीच लागतात.

फळ्यावर लिहिलं: इ-सॉ-फ-गो-गॅस-ट्रो-डू-ओ-ड-नॉस-क-पी. "मुख्य जोर कुठे?" त्याने 'डू'वर बोट ठेवलं. तिथे जोर आहे, पण हलका; तसाच 'सॉ' आणि 'गॅस'वर. मुख्य जोर 'नॉस'वर. गंमत अशी की अर्थाने शब्द तोडला तर 'ड्युओडिनो' अलीकडे राहतो, 'स्कोपी' पलीकडे. जोर मात्र नेमका सांध्यावर बसतो आणि अलीकडचा न, पलीकडचा स एकाच अक्षरात ओढून घेतो. 'स्को'चा मग नुसता 'क' उरतो.

असे शब्द मी शेपटाकडून म्हणवून घेते. पी. कपी. नॉस्कपी. डनॉस्कपी. पुढून सुरुवात केली की मधेच दम जातो आणि जोर भलतीकडे पडतो.

'नॉस्कपी'पाशी तो थांबला. "मॅडम, कोलोनोस्कोपीत पण हेच 'नॉस्कपी' आहे की! आणि एंडोस्कोपीत 'डॉस्कपी'." मी खडू त्याच्याच हातात दिला. लॅपरोस्कोपी, बायोप्सी, फोटोग्राफी असं तो लिहीत गेला. बायोप्सीत जोर 'बाय'वर, तोही शेवटून तिसराच. पण सांध्याचा खेळ तिथे नाही, म्हणून तो मी पुसायला लावला. मग 'एंडोस्कोपिक' लिहून विचारलं. त्याने दोनदा पुटपुटून पाहिलं आणि 'स्कॉ'खाली रेघ मारली. बरोबर होतं.

त्याच रात्री पुन्हा तसाच कॉल लागला. त्याने अख्खा शब्द झोकात म्हटला. पलीकडून लगेच त्याच शब्दाचं आखूड रूप आलं, "ओ, ई-जी-डी!"

माइक बंद करून तो माझ्याकडे वळला. "आता यात जोर कुठे?"

"शेवटच्या 'डी'वर," मी म्हटलं. "आधी कॉल घे."