कपडे-बूट घालून पोहणारी मुलं

नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांचं मूल भेटलं की मोठी माणसं हमखास विचारतात, "आ-डिप्लोमा झाला का?" पोहण्याची ही पहिली परीक्षा. तिच्यापुढे 'बे' आणि 'से' अशा आणखी दोन असतात (ए, बी, सी या अक्षरांचे हे डच उच्चार). मूल चार-पाच वर्षांचं झालं की 'झ्वेमलेस', म्हणजे पोहण्याचे वर्ग, सुरू होतात. आठवड्यातला तो वार सगळं घर त्याच्याभोवती फिरतं.

कारण घराबाहेर पडलं की दिसतं. या देशाची साधारण चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीखाली आहे. आम्ही राहतो त्या आम्स्टेलव्हेनमध्ये शाळेच्या वाटेवर, बागेशेजारी, सुपरमार्केटच्या मागे, जिकडे तिकडे पाणी, आणि बऱ्याच कालव्यांना कठडा नाही. एवढ्या पाण्याला कुंपण घालणार कोण? त्यापेक्षा इथल्या लोकांनी मुलांनाच तयार करायचं ठरवलं. हा विचार मला मनापासून पटतो.

'आ'ची परीक्षा एकदा तरी बघावी अशी असते. मुलं टी-शर्ट, अर्धी चड्डी आणि बूट घालून रांगेत उभी राहतात आणि तशीच पाण्यात उतरतात. पंधरा सेकंद जागच्या जागी तरंगायचं, मग साडेबारा मीटर पोटावर, साडेबारा मीटर पाठीवर पोहायचं आणि कुणाचा हात न धरता काठावर चढायचं. भिजलेले बूट किती जड होतात, ते त्या चिमुकल्या चेहऱ्यांवर दिसतं. मग कपडे उतरवून पोहण्याच्या पोशाखात पुढचा भाग. पाण्यात एक ताडपत्री उभी सोडलेली असते आणि तिला मोठं भोक असतं. बुडी मारून, पाण्याखालून तीन मीटर जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. 'बे'ला हेच अंतर सहा मीटर होतं, 'से'ला नऊ. कपडेही वाढत जातात: 'बे'ला लांब बाह्या आणि लांब पँट, 'से'ला वरून पावसाळी जाकीट.

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील इथे आले होते तेव्हा लेकीची परीक्षा होती. ते सांगलीकडचे, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. नातीला बुटांसकट पाण्यात उतरताना बघून म्हणाले, "बरोबर आहे. विहिरीत पडणारा माणूस काय कपडे बदलून पडतो?" सगळे आजी-आजोबा फुलं घेऊन आले होते, तसे तेही आले होते. डिप्लोमा हातात पडल्यावर सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यांच्याच.

इथे आधी वेगाचं शिक्षण नसतं. सुरुवात 'स्खोलस्लाख'ने, म्हणजे आपल्या ब्रेस्टस्ट्रोकने होते, कारण त्यात श्वास सांभाळता येतो आणि पुढचं दिसतं. पाठीवरचं पोहणं लगेच जोडीला, म्हणजे दमल्यावर विसावा घेत पुढे सरकता येतं. क्रॉल, म्हणजे फ्रीस्टाइल शर्यतीत पोहतात तो वेगाचा प्रकार, 'आ'ला जेमतेम पाच मीटर. तरीही याच देशानं पीटर फान डेन होखेनबांडसारखा १०० मीटर फ्रीस्टाइलचा २००० आणि २००४ चा ऑलिंपिक विजेता दिला. मार्टेन फान डर वाइडेन तर रक्ताच्या कर्करोगातून उठून २००८ मध्ये बीजिंगला खुल्या पाण्यातल्या १० किलोमीटर शर्यतीचं सुवर्ण जिंकला. पुढे २०१९ मध्ये त्यानं फ्रीसलंड प्रांतातल्या अकरा शहरांना जोडणाऱ्या कालव्यांतून सुमारे १९५ किलोमीटर पोहून कर्करोग संशोधनासाठी निधी उभा केला. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, तेव्हा आपल्याकडेही पोहणाऱ्यांत किती ताकद आहे ते दिसलंच होतं.

पण माझं मन रमतं ते रविवार सकाळच्या तलावात. उथळ बाजूला आईच्या कडेवरची बाळं, मधल्या पट्ट्यात गप्पा मारत पोहणाऱ्या सत्तरीच्या मैत्रिणी, कडेला पाण्यात व्यायाम करणारे गुडघेदुखीवाले. सांध्यांवर भार येत नाही, म्हणून ज्यांना चालणंही जड जातं ते इथे तासभर सहज हालचाल करतात. एका घरातल्या तीन पिढ्यांनी एकाच वेळी करावा असा दुसरा व्यायाम मला तरी माहीत नाही. बाहेर पडताना सगळ्यांना सडकून भूक लागलेली असते, आणि त्या दुपारी आमच्याकडे वरणभाताचा कुकर मोठाच लावावा लागतो.

इकडे राहायला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: पत्ता मिळाला की तलावावर मुलाचं नाव नोंदवा, प्रतीक्षायादी मोठी असते. बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना बुडण्याचा धोका इथल्या मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे यात दिरंगाई नको. खर्च झेपत नसेल तर खेमेंटेकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, मदतीची चौकशी करा.

आणि तिकडे भारतात मुलांना पोहण्याच्या उन्हाळी शिबिराला घालणार असाल, तर प्रशिक्षकांना एवढं विचारून बघा: शेवटच्या आठवड्यात एक दिवस, तुमच्या देखरेखीखाली, मुलांना शाळेच्या कपड्यांत आणि बुटांत पाण्यात उतरवाल का?