गेटचे छत्तीस मार्क आणि त्यावरचे तेवीस

एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा द्यावी लागते. २०२३च्या गेटमध्ये सिव्हिलला मला १०० पैकी ३६ मार्क पडले. २०२४ला ५९. मधल्या काळात नोकरी तीच होती, पुण्यातली खोली तीच होती आणि खरं सांगायचं तर पुस्तकंही तीच होती. त्यामुळे "दुसऱ्या वेळी नवीन काय केलंस?" असं कुणी विचारलं की पटकन उत्तर सुचत नाही. नवीन फारसं काही केलंच नाही. जुनंच पुन्हा पुन्हा केलं, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही.

छत्तीस कळवले तेव्हा तासगावहून पप्पा म्हणाले, "मग पास की! पस्तीसला पास, तुला एक वर पडलाय." गेटमध्ये तसं काही नसतं हे त्यांना फोनवर समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, पण इथे सांगते, कारण पहिल्यांदा देणाऱ्या बऱ्याच जणांना मार्क आणि स्कोअर यांतला फरक निकालापर्यंत माहीत नसतो. मार्क १०० पैकी असतात, स्कोअर १००० पैकी. खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५० स्कोअर धरतात. हे पात्रता गुण २५च्या खाली जात नाहीत, पेपरच्या सरासरीप्रमाणे वर मात्र जातात. पेपरातल्या वरच्या ०.१ टक्के मुलांच्या सरासरीला ९०० स्कोअर. मधलं सगळं सरळ रेषेत. सिव्हिलपुरता मी लावलेला हिशोब असा, की एक मार्क म्हणजे साधारण दहा स्कोअर. माझा पहिला स्कोअर साडेचारशेच्या आसपास होता. राज्याच्या प्रवेशफेरीतून एखादं कॉलेज मिळालंही असतं, पण मला जिओटेक, म्हणजे माती आणि पायांची शाखा, हवं होतं आणि तेही चांगल्या एनआयटीत. त्यासाठी सहाशेच्या वर असलेलं बरं.

मी डिप्लोमावाली. दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. ज्यांनी हा रस्ता धरलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डिग्रीच्या फर्स्ट इयरचं गणित आपल्या वाट्याला येतच नाही आणि गेटमध्ये इंजिनिअरिंग मॅथ्सला साधारण १३ मार्क असतात. जनरल ॲप्टिट्यूडचे १५ धरले तर २८ मार्क असे, ज्यांचा सिव्हिलशी काहीच संबंध नाही. कोचिंगवाल्यांच्या जाहिरातीत हे असतं. माझ्या डोक्यात ते रिस्पॉन्स शीट हातात आल्यावर शिरलं.

रिस्पॉन्स शीट म्हणजे तुम्ही कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं याची प्रत. परीक्षेनंतर काही दिवसांनी ती लॉगिनला येते, पाठोपाठ उत्तरतालिका. बहुतेक जण बेरीज करतात आणि बंद करतात. मी ती प्रिंट काढून साईट ऑफिसच्या टेबलावर कितीतरी दिवस ठेवली होती. ज्याची मला अपेक्षा नव्हती ते त्यात दिसलं. चुकलेले प्रश्न बेताचेच होते. मार्क गेले होते ते हात न लावलेल्या प्रश्नांत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक मला घरी बसून सुटत होते. येत होते, पण दहा मिनिटांत. ६५ प्रश्नांना १८० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम पावणेतीन मिनिटं.

पुढचं वर्ष मी यावरच काढलं.

नोकरी एका कॉन्ट्रॅक्टरकडे होती. साईट नदीपलीकडे, खोली सदाशिव पेठेत. नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करावा का, हा प्रश्न आमच्या अभ्यासिकेत रोज कुणीतरी कुणाला तरी विचारत असे. माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं, घरून पैसे मागवायचे नव्हते. पण एरवीही माझं मत असं झालंय की गेटसाठी नोकरी सोडायची गरज नाही, साईटची असली तरी. स्लॅबचा दिवस सोडून द्यायचा. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या रात्री अकराला संपल्या की वही उघडण्याचं नाटक करू नये, झोपावं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी अडीच-तीन तास मिळतात आणि तेवढे पुरतात, अट एवढीच की त्या वेळेत काय करायचं ते सकाळीच ठरलेलं असावं. अभ्यासिकेत येऊन 'आज काय करू' असा विचार करत बसलं की पहिला अर्धा तास तिथेच जातो, मग चहा.

अभ्यासिका मुलींची होती, जवळपास सगळ्या राज्यसेवेच्या तयारीतल्या. त्यांचा अभ्यास वाचण्याचा, माझा आकडेमोडीचा. माझ्या कॅल्क्युलेटरच्या बटणांचा आवाज होतो म्हणून शेजारच्या टेबलवरून चिठ्ठी आली. त्यामुळे मी लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल कॅल्क्युलेटरवर गेले, आणि ती चिठ्ठी मला दोन-तीन मार्क तरी देऊन गेली असेल. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवर एक असतो, तो माऊसनेच चालवायचा, कीबोर्ड बंद. आपल्या कॅल्क्युलेटरवर आधी साईन दाबून मग कोन टाकायची सवय असते, इथे आधी आकडा आणि मग साईन. डिग्री-रेडियनची निवड वर एका कोपऱ्यात. हे सगळं परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा करायचं म्हणजे प्रत्येक गणिताला वीस-तीस सेकंद जास्त. मी वर्षभर हातातला कॅल्क्युलेटर कपाटात ठेवला.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षांचे पेपर सगळेच सोडवतात. मीही पहिल्या वेळी सोडवले होते, विषयवार, पुस्तकातून, शेजारी उत्तर छापलेलं. या वेळी तेच प्रश्न घड्याळ लावून घेतले आणि एक वही केली. डाव्या पानावर प्रश्नाचं वर्ष आणि विषय, उजव्या पानावर तो का सुटला नाही किंवा का उशिरा सुटला. नियम एकच ठेवला होता, 'सिली मिस्टेक' हे कारण लिहायचं नाही. नेमकं काय ते लिहायचं. व्यास दिला होता, त्रिज्या धरली. किलोन्यूटनचे न्यूटन केले नाहीत. कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे ओझ्याखाली पाणी निघून माती हळूहळू बसते त्या गणितात, थराच्या दोन्ही बाजूंनी पाणी निघतंय, तरी पूर्ण जाडी घेतली. तिथे निम्मी घ्यायची असते, आणि वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे उत्तर थेट चौपट येतं. सगळ्यात वाईट म्हणजे ते चौपट उत्तर पर्यायांत हमखास असतं. पेपर काढणाऱ्याला आपण कुठे घसरणार ते ठाऊक असतं.

महिनाभरात वहीत एक गंमत दिसायला लागली. कारणं शेकडो नव्हतीच. पंधरा-वीसच होती, तीच फिरून फिरून येत होती. सॉईलमधली निम्मी एकाच ठिकाणी जाऊन थांबत होती, इफेक्टिव्ह स्ट्रेसपाशी, म्हणजे मातीच्या कणांवर येणाऱ्या दाबापाशी. उदाहरणच देते. जमीन वरपर्यंत पाण्याने भरलेली, मातीचं संपृक्त वजन घनमीटरला २० किलोन्यूटन, पाण्याचं १० धरा. ५ मीटर खोलीवर एकूण दाब १००, पाण्याचा ५०, म्हणजे मातीच्या कणांवर येणारा ५०. आता वर २ मीटर पाणी साठलं तर? एकूण १२०, पाण्याचा ७०, कणांवर पुन्हा ५०च. आणि पाण्याची पातळी २ मीटर खाली गेली, वरची माती केशाकर्षणाने ओलीच राहिली तर? एकूण १००, पाण्याचा ३०, कणांवर ७०. पाणी चढवलं तर काही होत नाही, उपसलं तर ओझं वाढतं. मला हे पाठ होतं, पण दर वेळी मांडून बघावं लागायचं.

ते मांडायची गरज संपली साईटवर. आमच्या बेसमेंटच्या खोदाईत पाणी लागलं. जागा नाल्याकाठची, वरचे चार-पाच मीटर जुना भराव. मोटारी लावून रात्रंदिवस उपसा सुरू झाला आणि आठवड्याभरात शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलला चीर गेली. त्यांचे सेक्रेटरी येऊन तावातावाने म्हणाले, "तुम्ही आमच्या हद्दीत खोदलंय." आमचे साहेब टेप लावून दाखवत होते की खोदाई हद्दीपासून लांब आहे. मी मागे उभी राहून मनातल्या मनात ५०चे ७० करत होते. भिंतीखालच्या भरावावर कुणी एक वीटही ठेवली नव्हती, फक्त खालचं पाणी गेलं होतं आणि माती बसली होती. त्यानंतर या प्रकारचा प्रश्न मला कधी अडला नाही. पुढे त्या भिंतीचे पैसे कुणी द्यायचे यावर बरीच खडाजंगी झाली, तो वेगळाच विषय.

गणिताचं मात्र असं काही साईटवर सापडलं नाही. तिथे मान खाली घालून बसावं लागलं. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीतल्या प्राध्यापकांची ऑनलाइन, लेक्चर फुकट आहेत, ती पाहिली. आयगेन व्हॅल्यू, पहिल्या-दुसऱ्या क्रमाची डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी आणि न्यूमेरिकल मेथड्स एवढंच धरलं. न्यूटन-रॅफसनची एक पायरी किंवा सिम्पसनचा नियम म्हणजे कष्टाचे नव्हे, शिस्तीचे मार्क. व्हेक्टर कॅल्क्युलसला मी नमस्कार करून बाजूला झाले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ॲप्टिट्यूडसाठी जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना पाच-सहा प्रश्न. कागदाच्या घड्या घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असले प्रश्न २०२१पासून आलेत. ते सिमेंटच्या गोणीचा कागद खरोखर दुमडून सोडवताना आमच्या सुपरवायझरने पाहिलं आणि मॅडमचं डोकं फिरलं असं सगळ्यांना सांगितलं.

टेस्ट सिरीज घेतली होती, जुनी वापरलेली नव्हे, पैसे भरून. तिच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. प्रश्न उगाच लांबलचक, मूळ गेटमध्ये असतात त्याहून जास्त आकडेमोडीचे. प्रत्येक टेस्टनंतर रँक येतो आणि त्या रँकवर त्या संध्याकाळचा मूड ठरतो. नोव्हेंबर-डिसेंबरात माझे मार्क सलग चाळीस-बेचाळीसवरच अडकले होते. आई फोनवर म्हणाली, "अगं, एवढं करून तेवढेच येतात तर थोडं दमानं घे की." दमानं घेणं जमलं नाही. मी फक्त रँकचं पान उघडणं बंद केलं आणि टेस्टनंतरचे दोन दिवस त्याच टेस्टला दिले, नव्या टेस्टला नाही. जानेवारीत आकडा पन्नाशीपार गेला तेव्हा काय बदललं ते सांगता येत नव्हतं. वहीतली नवी कारणं कमी झाली होती, एवढं दिसत होतं.

पेपरमध्ये निगेटिव्हचा हिशोब पक्का हवा. पर्यायी प्रश्नाला, एकच उत्तर असेल तर, चुकल्यास एक मार्काला एकतृतीयांश आणि दोन मार्काला दोनतृतीयांश कापतात. एकाहून जास्त उत्तरं असलेल्या आणि आकडा टाकायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, त्यामुळे ते कोरे सोडण्यात काही शहाणपण नाही. आकड्याच्या प्रश्नाला उत्तरतालिकेत बहुतेकदा एक पट्टा दिलेला असतो, अमुकपासून तमुकपर्यंत, म्हणून मधल्या पायरीत राऊंड ऑफ करायचं नाही. मी तीन फेऱ्या केल्या. पहिलीत वाचताच रस्ता दिसतो तेवढेच, दुसरीत वेळ खाणारे मोठे, आणि शेवटी उरलेल्यांत निगेटिव्ह नसलेले. स्ट्रक्चरचा एक दोन मार्कांचा प्रश्न पहिल्या फेरीत मला बोलावत होता, येणाराच होता, तरी सोडून पुढे गेले. वर्षभराच्या अभ्यासातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. शेवटी त्याला वेळ मिळाला आणि तो सुटला.

निकाल मार्चमध्ये लागला. ५९ मार्क, स्कोअर साडेसहाशेच्या पुढे. आयआयटींच्या अर्जांतून काही हाती लागलं नाही. एनआयटींसाठी सीसीएमटीच्या, म्हणजे एम.टेक.च्या सामाईक प्रवेशाच्या, फेऱ्या असतात. तिथे जागा मिळाल्यावर फ्रीझ, फ्लोट किंवा स्लाइड निवडायचं असतं. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागाच पक्की करायची. फ्लोट म्हणजे आहे ते धरून ठेवायचं आणि वरच्या पसंतीची, कुठल्याही कॉलेजातली जागा मिळते का ते पाहायचं. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, शाखा वरची. आमच्या अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावरच्या एकाने भीतीपोटी पहिल्याच फेरीत फ्रीझ केलं, आणि पुढच्या फेरीत त्याच्या स्कोअरला त्याचं आवडतं कॉलेज लागत होतं. मी फ्लोटवर राहिले आणि वारंगळला जिओटेक मिळालं.

महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात आठवड्याला आठ तास काम. माझ्या वाट्याला सॉईल लॅब आली आहे. बी.टेक.ची मुलं लिक्विड लिमिट, म्हणजे किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते ते, काढायला कॅसाग्रांडेच्या वाटीचं हँडल फिरवतात, २५ ठोक्यांच्या जवळपास खाच मिटते का ते पाहतात आणि तेरा-चौदाव्या ठोक्याला मान वर करून विचारतात, "मॅडम, गेटला हे येतं का?"

येतं. आधी ठोके मोज, म्हणते.